१२ वजनाचा रॉड आणि हातून गेलेली लाईन: लाईन-बॅकिंगच्या निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाव देत नाही. आमच्या मंडळींत सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. वीस-बावीस वर्षं ते फ्लाय फिशिंग करताहेत, म्हणजे पिसा-धाग्यांची हलकी नकली आमिषं (फ्लाय) लाईनच्याच वजनावर फेकायची मासेमारी, पण सगळं गोड्या पाण्यात, ५ आणि ६ वजनाच्या रॉडवर (आकडा मोठा तितका रॉड आणि लाईन जड). कास्ट इतका नेटका की शेजारी उभं राहून बघत राहावं. पण या हलक्या रॉडवर एक गोष्ट शिकायला मिळत नाही, ती म्हणजे बॅकिंग, लाईनच्या मागे रिळावर असलेला बारीक, लांब दोरा. मासा लाईनच्या तीस मीटरांतच खेळतो, खालचं बॅकिंग वर्षानुवर्षं उजेड बघत नाही. रिळाची रिकामी जागा भरायला ते असतं, अशी समजूत हळूहळू घट्ट होते.

मग त्यांनी १२ वजनाचा नऊ फुटी रॉड घेतला, जायंट ट्रेव्हलीसाठी. मंडळी त्याला नुसतं जीटी म्हणतात. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात, प्रवाळाच्या उथळ पठारांवर हा मासा शिकारीला चढतो. पूर्ण वाढलेला ५० किलोंच्या पुढे जातो. फ्लायच्या मागे पाणी फुगवत येतो आणि गळ लागला की थेट पठाराच्या कडेकडे, खोल पाण्याकडे सुटतो. त्या कडेवर प्रवाळाला सुरीची धार असते. माशाच्या या एका सवयीवर लाईन, बॅकिंग आणि लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा) तिन्हींची निवड ठरायला हवी होती. आम्ही ती ठरवली आकड्यांवर.

रीळ चांगलं होतं, रुंद गाभ्याचं. त्यावर क्षमता छापलेली: १२ ची लाईन आणि ३० पाउंडी (तेवढी ओढ सोसणारं) डेक्रॉन, म्हणजे विणलेल्या पॉलिस्टरचं नेहमीचं बॅकिंग, २०० यार्ड. काकांना २०० यार्ड कमी वाटले, म्हणून त्यांनी ५० पाउंडी जेल-स्पन घेतलं, म्हणजे पॉलिथिलीनच्या तंतूंचा बारीक पण मजबूत दोरा. ते बारीक, त्यामुळे त्याच जागेत ४०० यार्ड बसलं. लाईन मात्र नवी घेतली नाही. थंड समुद्रात वापरलेली, तरंगती, १२ चीच एक लाईन त्यांच्याकडे आली होती. मागचं टोक आधीच्या मालकाने कापलेलं, म्हणजे तिथला तयार लूप गेलेला. काकांनी बॅकिंग थेट लाईनवर नेल नॉटने, म्हणजे लाईनभोवती वेढे देऊन आवळायच्या गाठीने, बांधलं. भरताना बॅकिंगच्या चकतीत पेन्सिल घालून ती मुलाच्या हातात दिली आणि बसल्या बैठकीत रीळ भरून काढलं.

"आकडा तोच आहे ना रे? मग झालं," असं ते मला फोनवर म्हणाले होते. मी "हो" म्हणालो. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडलं त्यात त्या "हो"चा वाटा आहे.

समस्या

पहिले दोन दिवस लाईनने छळलं. उन्हात ती मऊ पडली, रिंगांना चिकटू लागली. पायाशी पाण्यात सोडलेले वेढे एकमेकांत गुंतत. मासा पंधरा मीटरवर दिसायचा आणि फ्लाय आठ मीटरवर पडायची. काकांना वाटलं, आपलाच हात बसत नाही. त्यांनी रॉड जोराने हाणायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांदा धरून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासा लागला. लाईन तीन-चार सेकंदांत संपली, मागोमाग बॅकिंग सुरू झालं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच बॅकिंग असं सूं करत जाताना पाहिलं. साठ-सत्तर मीटर गेलं असेल, तेवढ्यात रिळावर एक बारीक "टक्" झालं आणि स्पूल, म्हणजे रिळाचा दोरा गुंडाळलेला फिरता भाग, जागच्या जागी थांबलं. रॉड पुढे ओढला जाऊन पाण्याला टेकला आणि लगेच सरळ झाला. सगळं सैल.

काकांनी बॅकिंग गोळा केलं. टोकाला लाईन नव्हती. म्हणजे तोंडात गळ आणि मागे तीस मीटर लाईन व लीडर घेऊन मासा प्रवाळात गेला होता. दोन तास ते आणि त्यांचा वाटाड्या कडेकडेने लाईनचा रंग शोधत फिरले. काही दिसलं नाही.

मासा सुटणं आणि मासा दोर घेऊन जाणं यांत फार अंतर आहे. पहिल्यात गळ गंजून, झिजून पडण्याची आशा असते. दुसऱ्यात तो दोर कुठल्यातरी प्रवाळाला अडकतो आणि मासा तिथेच बांधला जातो. काका त्या रात्री जेवले नाहीत, हे मला त्यांच्या सोबत्याने सांगितलं.

रीळ उघडल्यावर

परत आल्यावर आम्ही ते रीळ टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवून उघडलं. दोन गोष्टी सापडल्या आणि दोन्ही अजून डोळ्यांसमोर आहेत.

पहिली, स्पूलवरचं बॅकिंग. वरून सपाट दिसत होतं, पण मध्ये एके ठिकाणी खाच पडलेली. एक वेढा चार थर खाली रुतून बसला होता. तो सुईने उचकटून काढावा लागला, आणि निघाला तेव्हा तेवढ्या भागात दोरा चपटा होऊन त्याचे तंतू पिंजल्यासारखे वर आले होते. सैल भरलेलं बारीक जेल-स्पन असंच वागतं. माशाने जोर लावला की वरचा ताणलेला वेढा खालच्या सैल वेढ्यांना बाजूला सारत आत घुसतो, ते पुन्हा त्याच्यावर मिटतात आणि दोरा सुटायचा थांबतो. त्या क्षणी ड्रॅग, म्हणजे रिळाची ब्रेक, किती लावलाय याला काही अर्थ उरत नाही.

दुसरी, बॅकिंगचं टोक. नेल नॉट जशीच्या तशी शाबूत होती आणि तिच्या विळख्यात लाईनच्या प्लॅस्टिक वेष्टणाची दीड इंचाची पोकळ नळी होती. आतला गाभा नाही, नुसती कातडी. म्हणजे ना बॅकिंग तुटलं होतं, ना गाठ सुटली होती. गाठीने वेष्टण पकडलं, झटका बसल्यावर गाभा त्या वेष्टणातून मोज्यातून पाय निघावा तसा निघून गेला. बारीक जेल-स्पनची गाठ वेष्टणात चाकूसारखी रुतते. ती थेट लाईनवर बांधायची नसते, हे आम्हाला त्या नळीने शिकवलं.

लाईनही तपासायची होती, पण ती समुद्रात. नशिबाने काकांच्या मित्राकडे त्याच बनावटीची दुसरी होती. तिची पहिली ३० फूट, टोकाचा सारख्या जाडीचा छोटा तुकडा वगळून, बारीक तराजूवर वेटोळं करून ठेवली. तराजूने २४.८ ग्रॅम दाखवलं. लाईनचे आकडे ठरतात ते याच ३० फुटांच्या वजनावर. ५ ची लाईन १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. ८ ची २१०. १२ ची ३८०, म्हणजे २४.६ ग्रॅम, मागेपुढे १२ ग्रेनची मुभा. म्हणजे आकडा खरा होता. पण आकडा वजन सांगतो, बाकी काही नाही. लाईनचा गाभा कशाचा, वेष्टण कुठल्या तापमानासाठी, ओढ किती सोसेल, जड भाग किती लांब, यातलं एकही त्या १२ मध्ये लिहिलेलं नसतं.

पर्याय: लाईन

थंड पाण्याच्या लाईनचा गाभा मऊ विणलेल्या बहुतंतू नायलॉनचा असतो आणि वेष्टणही मऊ, कारण गारठ्यात तिने स्प्रिंगसारखी वेटोळी धरू नयेत. तीच उन्हात शिजल्यासारखी लुळी पडते. उष्ण पाण्याच्या लाईनचा गाभा ताठ मोनोफिलामेंटचा असतो, एकेरी किंवा विणलेला, आणि वेष्टण कडक. ती थंडीत नेली तर तारेसारखी गुंडाळून बसते. दोन्हीकडे चालेल अशी एक लाईन मिळेल का, यावर आम्ही एक आठवडा वाया घालवला. हलक्या रॉडवर अशी तडजोड चालून जाते. जड रॉडवर लाईन पाच-सात मीटर झेपावायलाच हवी असते आणि माशाची संधी तीन-चार सेकंदांची. तिथे तडजोडीला जागा नाही. हा निर्णय सोपा ठरला.

वजनाचा निर्णय तितका सोपा नव्हता. बाजारात १२ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक उष्णकटिबंधी लाईन प्रत्यक्षात ३८० ग्रेनपेक्षा बऱ्याच जड असतात, कारण ताठ रॉड जवळच्या अंतरावर लवकर वाकावा. काका म्हणाले, "हलक्या रॉडवर मी नेहमी एक नंबर वरची लाईन लावतो, इथेही लावू." इथे मी त्यांना थांबवलं. ५ वरून ६ वर गेलं की २० ग्रेन वाढतात. ११ वरून १२ वर गेलं की ५०. जड टोकाला पायऱ्या उंच होत जातात. आधीच जड बनवलेल्या लाईनवर आणखी एक नंबर चढवला तर लांब कास्टमध्ये रॉड मुळापासून दुमडतो आणि हवेतल्या लाईनचं वळण, म्हणजे कास्टचा लूप, उघडा पडतो.

मोकळ्या मैदानात गवतावर आम्ही दोन उसन्या लाईन टाकून पाहिल्या. एकीची पहिली ३० फूट सुमारे २८ ग्रॅम, जड भाग साधारण १२ मीटर लांब. दुसरी ३२ ग्रॅमच्या वर, जड भाग आखूड. दुसरी एका फटक्यात बारा मीटरवर जाई, पण वीस मीटरवर लूप कोलमडे आणि जड फ्लाय मान टाकून पडे. शिवाय इतकं वजन आखूड भागात आलं की ती पाण्यावर आदळते, आणि गुडघाभर पाण्यातला मासा त्या आवाजाने बिथरतो. काकांनी पहिली निवडली. होडीतून, लाटांवर, जवळच्या अंतरावर मासेमारी असती तर मी दुसरीच्या बाजूने बोललो असतो.

बुडत्या लाईनचाही विचार झाला. पठाराच्या कडेला, मासा खाली असताना तिचा उपयोग खरा आहे. पण उथळ पाण्यात ती प्रवाळात अडकते आणि पाण्यातून उचलून लगेच दुसरीकडे टाकता येत नाही. आधी एक तरंगती नीट जमू दे, असं ठरलं.

पर्याय: बॅकिंग

डेक्रॉन आधी बघू. ३० पाउंडी डेक्रॉन साधारण अर्धा मिलिमीटर जाड. थोडं ताणतं, त्यामुळे झटका पचवतं. बोट कापत नाही, रुतत नाही, साधी गाठ धरते. ८-९ वजनापर्यंत मी आजही तेच सुचवतो. १२ वर मात्र त्याची अडचण ताकदीची. नव्या लाईनचा गाभा ६० पाउंडी होता. त्याच्या मागे ३० पाउंडी बॅकिंग लावलं तर सगळ्या साखळीतली कच्ची कडी माशापासून सगळ्यात लांब, थेट रिळाजवळ येते. तुटलं तर सगळं जाणार.

बारीक जेल-स्पनची बाजू अशी. दोऱ्याचा छेद जाडीच्या वर्गाने बदलतो. जाडी सात-दशांश झाली की छेद निम्मा, म्हणजे त्याच स्पूलवर दुप्पट लांबी. पाण्यातून ओढलं जाताना बारीक दोऱ्याला विरोधही कमी. होडीतून सेलफिशसारखा लांब पळणारा मासा धरायचा असेल, जिथे प्रवाळ नाही आणि मागे होडी नेता येते, तिथे या लांबीला मोल आहे.

पण काकांना ४०० यार्ड हवं कशाला होतं? हा प्रश्न आम्ही पहिल्यांदाच विचारला आणि कागद पेन्सिल घेऊन बसलो. पठारावरची त्यांची जागा कडेपासून दीडशे मीटरच्या आत. मासा कड ओलांडून खाली गेला तर बॅकिंग १०० मीटर उरलंय की ३००, काही फरक पडत नाही. प्रवाळ ते कापणारच. त्याला कडेआधी वळवलं तरच तो हातात येणार.

लांब गेलेल्या बॅकिंगचा दुसरा हिशेबही त्याच कागदावर मांडला. भरलेल्या स्पूलचा व्यास १० सेंटीमीटर धरा आणि ड्रॅग ४ किलोवर लावलेला. बॅकिंग जाऊन व्यास ७ वर आला की तीच ब्रेक माशाला ५.७ किलोची लागते, कारण ब्रेकचा पीळ तोच राहतो आणि दोरा ओढण्याची त्रिज्या घटते. वर पाण्यात वळण घेऊन पडलेल्या लाईनचा विरोध वेगळा. म्हणजे मासा जितका लांब, तितका जोर नकळत वाढत जातो, आणि घाबरून ड्रॅग आणखी आवळणारा माणूस नेमकं चुकीच्या वेळी आवळतो. गुंडाळतानाही तेच उलट्या बाजूने नडतं. १० सेंटीमीटरवर एका फेऱ्यात ३१ सेंटीमीटर दोरा येतो, ६ वर जेमतेम १९.

शेवटी ८० पाउंडी, पोकळ विणीचं जेल-स्पन घेतलं. ते ५० पाउंडीपेक्षा चांगलंच जाड, म्हणून रुतण्याचा धोका कमी, बोटालाही सोसतं. लांबी २५० यार्ड, म्हणजे सव्वादोनशे मीटर. काकांना सुरुवातीला हे पटायला जड गेलं. जुन्या रिळापेक्षा १५० यार्ड कमी. मी त्यांना तो पिंजलेला वेढा पुन्हा दाखवला.

निर्णायक प्रश्न: कुठे तुटावं?

सगळ्यात जास्त वेळ लीडरवर गेला, आणि जायलाच हवा होता. जीटीसाठी बरेच जण सरळ १०० ते १३० पाउंडी एकसंध लीडर लावतात. कारण रास्त आहे, प्रवाळावर घासलं तरी तो टिकतो. पण मग ६० पाउंडी गाभ्याची लाईनच कच्ची कडी होते. मासा अडकला आणि काहीतरी तुटायची वेळ आली, तर लीडर तुटणार नाही. लाईन तुटेल किंवा मागचा जोड सुटेल. पुन्हा तीस मीटर दोर माशाच्या मागे.

दुसऱ्या टोकाला आयजीएफएच्या, म्हणजे मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, विक्रमाची पद्धत. फ्लायच्या वर्गात टिपेट, म्हणजे लीडरचा बारीक तुकडा, जास्तीत जास्त २० पाउंडी, किमान १५ इंच लांब, आणि त्यापुढचा जाड तुकडा १२ इंचांहून मोठा नाही. तिथे तुटणार ते नेमकं माशाजवळ. पण प्रवाळाच्या कडेवर २० पाउंड म्हणजे मासा लागायच्या आधीच हरणं, आणि लांबलेल्या झुंजीत तो इतका थकतो की सोडला तरी जगेल याची खात्री नाही.

यात तोडगा काढायच्या आधी रॉडने प्रत्यक्षात किती जोर लागतो ते बघायचं ठरवलं. झाडाला वजनकाटा बांधला, काकांनी रॉड धरला. रॉड उभा, छान कमानदार वाकलेला असताना काट्याने जेमतेम दोन किलो दाखवले. रॉड खाली, आडवा धरून मुठीच्या वरच्या जाड भागाने ओढल्यावर पाचच्या आसपास. काका काट्याकडे बघतच राहिले. "इतकंच? मला तर वाटलं, दहा-बारा किलो तरी असेल." १३० पाउंड म्हणजे ५९ किलो. तेवढी ताकद माणूस रॉडने वापरूच शकत नाही. ती कामी येते फक्त घासण्यापुरती आणि हाताने दोर धरून ओढण्यापुरती.

त्यावरून लीडर असा ठरला: लाईनकडून ८० पाउंडी दीड मीटर, मध्ये ४० पाउंडी ६० सेंटीमीटर, आणि फ्लायकडे घासणीसाठी १०० पाउंडी ६० सेंटीमीटर. कच्ची कडी मध्ये, माशापासून सव्वा मीटरच्या आत. अनुभवी मंडळींपैकी काहींनी याला विरोध केला. ४० पाउंडी तुकडा प्रवाळावर कापला जाईल आणि हातातला मासा जाईल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. काकांनी एका वाक्यात निकाल दिला: "मासा गेला तरी चालेल, पण माझा दोर घेऊन जायला नको."

अंमलबजावणी

स्पूलच्या गाभ्यावर आधी रबरी चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. जेल-स्पन इतकं गुळगुळीत असतं की नुसतं बांधलं तर सगळा गठ्ठाच गाभ्यावर गरगरा फिरतो, आणि बाहेरून ड्रॅग सरकतोय असं वाटतं.

भरायला दोन माणसं आणि एक संध्याकाळ लागली. मी ओल्या चामडी हातमोज्यातून दोरा धरून चाललो, काका रॉडच्या पहिल्या रिंगेतून घेत गुंडाळत गेले. दर थोड्या वेळाने काट्यावर ताण बघितला, दोन-अडीच किलोंच्या खाली येऊ दिला नाही. वेढे एकाला एक लागून न घालता थोडे तिरके, आडवे-उभे घातले, म्हणजे खालचा थर वरच्याला आत शिरू देत नाही. भरून झाल्यावर अंगठ्याने दाबलं तर लाकडासारखं लागत होतं. पहिलं रीळ आठवलं. ते उशीसारखं दबायचं.

पोकळ विणीचा फायदा जोडाला झाला. टोक स्वतःच्याच पोटात सुईने ओवून लूप केला, ओढावं तितका घट्ट होणारा, गाठ नसलेला. लूप इतका मोठा ठेवला की लाईनचं गुंडाळलेलं वेटोळं त्यातून पार जावं; त्यामुळे लाईन बदलायला काही कापावं लागत नाही. एकेरी दोरा वेष्टणात रुतू नये म्हणून लूप दुहेरी केला. साध्या, भरीव विणीचं जेल-स्पन असतं तर बिमिनी ट्विस्टने, म्हणजे दोऱ्याला पीळ देऊन लूप करायच्या गाठीने, हेच साधता आलं असतं, फक्त नेहमीपेक्षा जास्त पीळ देऊन. नव्या लाईनच्या मागच्या तयार लूपवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तो काट्याला अडकवून २५ किलोपर्यंत ओढला. धरला. मग पूर्ण साखळी एकत्र ओढली, आणि ती १५ किलोंवर तुटली, ४० आणि ८० पाउंडीच्या गाठीत. हवी होती तिथेच. लीडर पुन्हा बांधून घेतला.

निकाल

काही महिन्यांनी काका त्याच पठारावर गेले. लाईन भर दुपारीही सुटसुटीत धावली. पहिल्याच दिवशी त्यांचा खांदा दुखायचा थांबला, हे त्यांनी मला माशाच्या आधी सांगितलं.

दोन मासे लागले. पहिला ८४ सेंटीमीटरचा, शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलेला. बॅकिंग नव्वद मीटर गेलं, कुठेही न अडखळता. काकांनी ड्रॅगला हात लावला नाही, रॉड खाली आडवा धरून त्याला वळवला, आणि दहा मिनिटांच्या आत तो पाण्यातच धरून सोडला.

दुसरा बराच मोठा होता. तो वळला नाही. कड ओलांडली, दोर प्रवाळावर घासल्याची थरथर रॉडमध्ये जाणवली आणि तुटला. या वेळी लाईन परत आली, ८० पाउंडी तुकडा परत आला, त्याच्या टोकाला ४० पाउंडीचा वीतभर उरलेला, खरवडलेला भाग. माशाबरोबर गेला तो गळ आणि मीटरभर दोर. काकांनी मला त्या खरवडलेल्या टोकाचा फोटो पाठवला, पहिल्या माशाचा नंतर.

आणखी एक गोष्ट घडली, ती आमच्या चुकीची. पहिला मासा जवळ आणताना बॅकिंग घाईत एका बाजूला चढलं आणि वरची लाईन रिळाच्या दांड्याला घासू लागली. काकांनी बोटाने दोरा सरकवत निभावलं, पण लाईनच्या वेष्टणावर दोन ओरखडे आले. बैठकीत, शांतपणे, ताणून भरलेल्या रिळावर आम्ही जेमतेम तीन मिलिमीटर जागा सोडली होती. झुंजीत कोणी तसं गुंडाळत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या खेपेला सगळ्यात मोठी चूक ५० पाउंडी दोरा निवडण्याची नव्हती. तोच ताणून भरला असता आणि दुहेरी लूपने जोडला असता, तर बहुधा ती सकाळ वेगळी गेली असती. चूक ही की निघण्याआधी कुणी तो ओढून बघितला नाही. झाडाला दोर बांधून, ड्रॅग लावून, चाळीस-पन्नास मीटर जोरात मागे चालत गेलं असतं तर वेढा तिथेच रुतला असता आणि नेल नॉटची नळी गवतावर हातात आली असती. दहा मिनिटांचं काम. आता आमच्यापैकी कोणीही जड रॉड घेऊन निघतो, तेव्हा हे केल्याशिवाय निघत नाही.

रीळ किती भरायचं याचा अंदाज डोळ्याने करायला नको होता. खात्रीचा मार्ग कंटाळवाणा आहे: आधी लाईन गुंडाळायची, तिच्यावर बॅकिंग, हवी तेवढी जागा राहीपर्यंत, तिथे कापायचं, सगळं काढायचं आणि उलट क्रमाने पुन्हा भरायचं. जड रॉडवर पाच-सहा मिलिमीटर मोकळे हवेत.

मधला ४० पाउंडी तुकडा ६० सेंटीमीटर ठेवणं मला आता जास्त वाटतं. कच्ची कडी म्हणून तो हवा, पण लांबी जितकी जास्त तितकी प्रवाळाला सापडण्याची शक्यता जास्त. ४० सेंटीमीटर पुरेल. काकांना हे मान्य नाही. आखूड तुकडा ताण कमी पचवतो असं ते म्हणतात. गाठी मोजून आणि ओढून बघितल्याशिवाय यावर मी हट्ट धरणार नाही.

प्रवासानंतरची काळजी आम्ही पहिल्या खेपेला घेतलीच नव्हती. मासा लांब गेला की बॅकिंग असमान ताणाने परत येतं, म्हणजे पुढच्या माशासाठी सापळा तयार. त्यामुळे दुसऱ्या खेपेला प्रत्येक संध्याकाळी काकांनी शेवटच्या जागेपर्यंत बॅकिंग सोडून, ओल्या मोज्यातून पुन्हा ताणून भरलं. घरी आल्यावर सगळं सोडून गोड्या पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं. खालच्या थरांत सुकलेलं मीठ दिसत नाही, पण विणीत कणी होऊन बसतं.

सध्या ते रीळ माझ्याकडे आहे. बॅकिंगमधून २५ यार्ड कापून काढले आहेत, सव्वादोनशे उरले. लूप नव्याने ओवला आहे. स्पूलच्या आतल्या बाजूला काकांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: बॅकिंग किती पाउंडी, किती यार्ड, कुठल्या तारखेला, किती किलोच्या ताणाने भरलं. दुसरं स्पूल मागवलं आहे, मंद बुडणाऱ्या लाईनसाठी, आणि त्यावर पहिली गुंडाळली जाणार आहे ती लाईन, बॅकिंग नव्हे.